माळावरची हाळी

ती घटना आज आठवली की डोळ्यांपुढे काही यायच्या आधी कानात एका बाईची हाळी येते. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या, विहिरीतून प्रेतं काढली. पण माणसाच्या आवाजाची भीती मला एकदाच वाटली, ती राजूरच्या मागच्या माळावर. कुणाचंही नाव मी इथे घेत नाही. त्यातली बाई अजून त्याच गावात नांदते.

निवृत्ती जवळ आली होती. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. अंगारकी चतुर्थी दुसऱ्या दिवसावर आली होती. अंगारकी म्हणजे राजूरच्या गणपतीला माणसांचा पूर. पार्किंग, दर्शनरांग, पाकीटमार, हरवलेली पोरं, सगळ्याचा बंदोबस्त लावायचा होता. मंदिराजवळच्या चौकीत मी ड्यूटी वाटत बसलो होतो, तेवढ्यात पायऱ्यांखाली हार विकणारी मावशी आत आली. ही बाई एरवी पोलीस दिसला की टोपली उचलून पलीकडे जाणारी. स्वतःहून आली म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"सायेब, एक पोरगं आलंय. परमुलखातलं दिसतंय. बायांच्या मागं मागं फिरून राह्यलंय."

"छेड काढतो का?"

"न्हाई ना. तेच तर. बगत बी न्हाई धड. जवळ येऊन टाइम इचारतो, अन् बाई बोलाया लागली की डोळे मिटून ऐकतो. मंग मान हलवतो अन् दुसरीकडं जातो. सकाळधरनं हेच चाललंय."

मला आधी मंगळसूत्रचोर आठवले. जत्रेच्या आदल्या दिवशी ते पाहणी करून जातात. पण मंगळसूत्रचोर गळा बघतो, डोळे मिटत नाही. मावशी अजून काही सांगेल असं वाटलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं, आणि "एवढंच" म्हणून निघून गेली. तिचं ते बोट मी बघितलं होतं. तेव्हाच तिला थांबवायला हवं होतं.

हवालदाराला मंदिराजवळच्या लॉजवर पाठवलं. रजिस्टरमध्ये त्या तरुणाची नोंद होती, ओळखपत्राची प्रत होती. खोलीला कुलूप होतं, तो सकाळीच बाहेर पडला होता. ओळखपत्र परराज्यातलं. तिथल्या ठाण्यातून घरचा नंबर मिळवला आणि मी स्वतः फोन लावला. बापाने उचलला. पोलीस म्हणताच म्हातारा रडायला लागला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पोरगा फुटबॉलवेडा. एका वेबसाइटचा मेंबर. तिथे मॅचनंतर एक मुलगी बोलते. तिचा आवाज पोरगा दिवसरात्र ऐकायचा. ती त्याला वेगळे मेसेजही लिहायची, लग्नापर्यंत गोष्टी गेल्या होत्या म्हणे. मग तिने अचानक बोलणं बंद केलं. वेबसाइटवरून मागवलेल्या जर्सीच्या पार्सलवर राजूरचा शिक्का होता. तेवढ्या एका शब्दावर तो घरातून निघाला होता.

"साब, मेरी बैटरी की दुकान है," बाप म्हणाला. "तेज़ाब का एक कैन कम है."

मी फोन ठेवला. समोर हवालदार कसलासा कागद घेऊन उभा होता. "ॲसिड घेऊन आलाय तो," मी त्याला म्हणालो.

राजूरमध्ये फुटबॉलची वेबसाइट कोण चालवतो हे विचारायला फार लांब जावं लागलं नाही. बीट अंमलदार म्हणाला, "तो आपला फुटबॉलवाला. किराणा दुकानाच्या वर." गावात कुणी फुटबॉल खेळत नाही, पण एक जण त्यावर घर चालवतो, याचं गावाला कौतुक होतं.

वर दोन खोल्या. दोन कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, जर्सी आणि मफलरांचे खोके. पंचविशीचा पोरगा, चुणचुणीत. परदेशी क्लबांच्या बातम्या तो हिंदीत द्यायचा, जाहिरातींचे पैसे मिळायचे, मेंबरशिप विकायचा. मेंबरचा वाढदिवस असेल तर त्या मुलीच्या आवाजात शुभेच्छा, त्याचे वेगळे. टीम हरली तर त्याच आवाजात समजूत, त्याचेही वेगळे.

"बोलणारी मुलगी कोण?"

"आर्टिस्ट हाय सर, नागपूरची. ऑनलाइन काम करती."

"नंबर दे."

"नंबर... बदलला तिनं."

मी त्याला आवाज लावायला सांगितला. त्याने का-कू केली, मग लावला. सुरुवातीलाच एक लांबलचक हाळी, शेळ्यामेंढ्यांना बोलवतात तशी, "हीऽऽ याऽऽ याऽऽ", आणि मागून खळखळून हसू. "कैसे हो भाई लोगां? जेवण-खाना हुआ क्या? चलो, जल्दी बैठो, मॅच का बताती." आमची मराठवाड्याची हिंदी. नागपूरचा त्यात काही संबंध नव्हता. मीही ऐकत राहिलो, खोटं कशाला बोलू. घरातली कुणीतरी ताट वाढून हाक मारते आहे असं वाटत होतं. लांब कुठेतरी खोलीत एकट्या बसलेल्या पोराला काय वाटत असेल?

"ती हाळी कुणाची?"

"इफेक्ट हाय सर. लोकांना लई आवडतो. रिंगटोन करून ठेवलाय समद्यांनी."

खोटं बोलणारे मी खूप पाहिलेत. स्वतःला वाचवणारा माणूस दाराकडे बघतो किंवा साहेबाच्या तोंडाकडे. हा सारखा खिडकीतून मागच्या माळाकडे बघत होता. दरडावलं, समजावलं, एक थप्पडही तयार ठेवली; पठ्ठ्या नागपूर सोडायला तयार नाही. शेवटी मी आवाज खाली आणला आणि बापाचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. बॅटरीचं दुकान, एक कॅन कमी.

पोरगा ताडकन खुर्चीतून उठायला गेला आणि खोक्यांवर पडला.

"सर, वहिनी हाय ती. माझी वहिनी. शेळ्या घेऊन माळावर गेली आसंल. एकटीच. फोन बी नसतो तिच्याकडं."

"तिला माहीत आहे का, हा माणूस आलाय?"

"न्हाई. ते मेसेज बी तिला म्हाईत न्हाईत. ती नुस्तं बोलायची. मेसेज मी लिवायचो, तिच्या नावानं. मेंबर तुटू नये म्हनून. परवापासून तो धमक्या देऊन राह्यला, पन मला वाटलं... घरातल्या बाईचं नाव पोलिसात कसं न्यावं?"

मोठा भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला, दुसऱ्या पाळीवर. वहिनीचं माहेर मेंढपाळांचं, आवाज माळ ओलांडून जाणारा. फुटबॉल तिला आधी कळत नव्हता, मग दिराने लिहून दिलेलं वाचता वाचता कळायला लागला, गोडीही लागली. सासूला पसंत पडेना, म्हणून बोलणं बंद झालं. सगळी हकिगत त्याने जीपमध्ये बसता बसता सांगितली, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घण घालत होती. ही बाई शेळ्या परतवायला हाळी देणार. तीच हाळी. त्या माणसाला ती झोपेतही ओळखू येईल.

जीप माळाच्या पायथ्याला अडली. पुढे दगड आणि काटेरी झुडपं. मी, हवालदार, एक महिला कॉन्स्टेबल आणि तो दीर, पायी निघालो. उन्हं कलायला लागली होती. शेळ्या परतायची वेळ. मी आयुष्यात देवाला फार त्रास दिलेला नाही, पण त्या चढणीवर एकच मागणं मागत होतो. बाईचा घसा आज बसलेला असू दे.

आणि हाळी आली. "हीऽऽ याऽऽ याऽऽ." स्वच्छ, मोकळी, सगळ्या माळाला ऐकू जाणारी. मी पळायला लागलो. महिला कॉन्स्टेबल तिच्या गावच्या शाळेत पळण्यात पहिली यायची. ती दगड-काटे कशाचाही विचार न करता पुढे धावली.

वर पोचलो तेव्हा हाळीच्या रोखाने तो आमच्याआधी पोचला होता, ती दोघं समोरासमोर उभी होती. मध्ये चार-दोन शेळ्या. त्याच्या पाठीवर सॅक, हातात ॲसिडने भरलेली काचेची बाटली. बाईला वाटलं होतं, भाविक वाट चुकलाय. ती म्हणत होती, "मंदिर खाली ऱ्हायलं दादा. पानी पिता का? उन्हाचे आलाव."

तो रडत होता. "वही आवाज़," असं पुटपुटत होता. "आपने लिखा था, मेरे बिना मॅच नहीं देखती. फिर बंद क्यों किया?"

"म्या? म्या कुनाला काय लिवलं?" ती हसली. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

त्या हसण्याने त्याचा हात बाटलीच्या बुचाकडे गेला. कॉन्स्टेबलने मागून झडप घातली, हवालदाराने मनगट पिरगळलं. बाटली दगडावर फुटली. हवालदाराच्या बुटाचं चामडं जळालं, पाय वाचला. माळाची माती चुनखडीची. तिच्यातून फसफसून फेस वर आला, धूर निघाला, आणि बाई त्या फेसाकडे बघत राहिली. शेळ्या लांब पांगल्या होत्या. त्यांना बोलवायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पंचनामा झाला, आरोपीला ठाण्यात आणलं. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळं कबूल करत होता आणि परत परत एकच विचारत होता, की ती आपल्याशी नीट बोलेल का. पुढे त्याला शिक्षा झाली.

रडारड ठाण्याच्या व्हरांड्यात होती. सासू, मिलमधून मोटारसायकल दामटत आलेला नवरा, दोन-चार शहाणे गाववाले. सगळ्यांचं एकच पालुपद, "साहेब, पोरगा पकडला ना, मंग आमच्या सुनेचं नाव कागदावर कशाला? बाहेर बाहेर मिटवा." हारवाली मावशीही आली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "त्याने तुला तो आवाज ऐकवला होता ना?"

तिने मान खाली घातली. "ऐकिवला व्हता. म्या लगीच वळखला. फुलं तिच्याच शेतातून आनते म्या. त्याला म्हनलं, ठाव न्हाई. पन ठान्यात तरी लेकीबाळीचं नाव कसं घ्यावं सायेब?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या दिवशी दिराने मूठ झाकली, मावशीने झाकली, आणि आत त्या बाईचा जीव होता. अब्रू राखायची म्हणून ज्यांनी तिचं नाव माझ्यापासून लपवलं, त्यांच्यातल्या एकालाही तिच्यापर्यंत जाऊन "आज माळावर जाऊ नको" एवढं सांगायचं सुचलं नव्हतं.

ती मात्र जबाबाला बसली. हवालदाराने चाचरत विचारलं, "नाव काय लावू?"

"पुरं लिवा. बापाचं बी, नवऱ्याचं बी." मग दिराकडे वळली. "भाऊजी, माझ्या नावानं त्याला काय काय लिवलं, ते वाचा."

"वहिनी, नगं ना..."

"वाचा. तुमी लिवलेलं म्या इतके दिस वाचलं. आता तुमी वाचा."

दिराने मोबाइल काढला आणि वाचायला सुरुवात केली. ठाण्यात लोक होते, सासू होती, नवरा होता. दोन-तीन मेसेजनंतर त्याने मोबाइल खाली ठेवला. ती हलली नाही. सगळे मेसेज संपेपर्यंत त्याला तिने वाचायला लावलं. दिरावर गुन्हा तिच्याच जबाबावरून दाखल झाला. वेबसाइट बंद पडली. पोरगा तसा वाईट नव्हता. पण परक्याला घरचं वाटायला लावायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा धंदा करणाऱ्याने तो परका एक दिवस घरी येणार हे धरूनच चालावं.

त्यानंतर नोकरीत राहिलो तेवढे दिवस, कुठल्याही बाईवरून धमकीची तक्रार आली की स्टेशन डायरी उघडायच्या आधी मी एकच विचारायचो : तिला सांगितलं का? बहुतेक वेळा सांगितलेलं नसायचं.

निवृत्तीनंतर एकदा चतुर्थीला सहकुटुंब राजूरला गेलो. दर्शन झाल्यावर बायकोला म्हणालो, जरा मागच्या बाजूला जाऊन येऊ. उन्हं कलत होती. माळावर शेळ्या दिसल्या, ती दिसली. मी हाळीची वाट बघत उभा राहिलो.

तिने कमरेच्या पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि त्यावर काठीने बडवायला लागली. शेळ्या निमूट गोळा झाल्या. त्यांना सवय झाली होती.