ताईचं पोट आणि मेणकागद

शेवटच्या दिवशीसुद्धा ताई भावाशी भांडलीच. बाइंडिंगच्या दुकानात दोघंच. तिनं एका जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून खळ लावली, मिटायच्या आधी मध्ये मेणकागद सारला नि म्हणाली, "बघून ठेव. मागं हा घालायला विसरलास आणि अख्ख्या गठ्ठ्याची चिकटून वीट झाली. गिऱ्हाईक विचारत होतं, घर बांधू का याचं?"

"किती दिवस तेच उगाळशील गं?"

"मरेपर्यंत."

पुस्तक प्रेसमध्ये आवळलं, पाणी प्यायला वळली आणि खाली बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

पण माणसं जमली तसा भाऊ सगळ्यांना सांगत सुटला, "पोटातल्या त्या पाल्यानं नेली तिला."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचे हाल तिनं बघितले होते. काही वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर आतडी आतल्या आत एकमेकांना चिकटली. दोन घास खाल्ले की ताई पोट धरून लोळायची. सोडवायला परत कापावं, तर कापलेलं परत चिकटणार. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झाडाच्या तंतूंचा पातळ पडदा मध्ये घालू. जखमा भरेपर्यंत राहील, मग आपोआप विरघळेल. पण नवीन आहे, खात्री देत नाही.

"पोटात गवत घालून घेणार?" भाऊ ओरडला होता. "शेळी आहेस का तू?"

"शेळी तर शेळी. पोटभर चरेन तरी!"

आणि घेतलाच तिनं घालून. नंतर भावासमोर बसून मुद्दाम दोनदा वाढून घ्यायची, वर मोठ्ठा ढेकर.

वहिनी सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो पडदा केव्हाच विरघळला. नंतरची सगळी वर्षं ती जेवली, तुमच्या नाकावर टिच्चून जेवली. परत असं बोललात तर मी ऐकून घेणार नाही."



दुकान परत उघडलं त्या दिवशी वहिनी मदतीला गेली. भावानं प्रेस सैल केली, ताईचं पुस्तक काढलं, मेणकागद ओढला. पुठ्ठा अलगद उघडला. कुठं म्हणून चिकटला नव्हता. तो बराच वेळ नुसता उघडमीट करत बसला. मग दुसऱ्या पुस्तकाला खळ लावून तसाच मिटायला निघाला. वहिनी खाकरली.

"घालतोय, घालतोय."

तेवढ्यात शेजारचा चावीवाला दारात आला. "ताई पोटानं गेल्या म्हणे?"

भावानं मेणकागद नीट सरकवला, तळहातानं दाबला. "हृदयानं," म्हणाला. "पोट ठणठणीत होतं तिचं."