परतीच्या वायरवरचं बटण

आमच्या डोंगराळ कोचकोर गावच्या बाजारात सागिनाली उस्तांना, म्हणजे मिस्त्रींना, ताजंतवानं असं कुणी पाहिलेलं नाही. सकाळी आठला ते आपलं दुकान असलेल्या लोखंडी कंटेनरचं दार ढकलतात, तेव्हाच त्यांचा चेहरा संध्याकाळचा असतो. शेजारच्या निळ्या कंटेनरमध्ये मी झेरॉक्स काढून देतो आणि पासपोर्टचे फोटोही, त्यामुळे दमलेले चेहरे मला नवे नाहीत. पण पासपोर्टवाले निदान फोटोपुरते तरी ताठ बसतात. उस्ता तेवढंही करत नाहीत.

वय त्रेसष्ट. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. एकोणिसाव्या वर्षी ते कोल्खोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, गॅरेजात लागले. पुढे ती शेतीच मोडली आणि जो तो आपला वाटा घेऊन घरी गेला. कुणाला गाय मिळाली, कुणाला मेंढ्या. उस्तांच्या वाट्याला आला गॅरेजातला टेस्ट लॅम्प: एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या बॉडीला लावायचा, सुई संशयित वायरीत खुपसायची. बल्ब लागला तर तिथे करंट आहे, नाही लागला तर नाही. त्यांच्या बायकोचं, आझारआपांचं, म्हणणं असं की गाय आली असती तर एव्हाना तिची पाचवी पिढी दूध देत असती, हा बल्ब मात्र अजून एकटाच आहे.

पण त्या बल्बवर उस्तांनी नाव कमावलं. रशियन गाड्यांची वायरिंग ते डोळे मिटून सांगत, आणि डोळे तसेही बहुतेक वेळा मिटलेलेच असत. बाजारात बोलायची पद्धतच पडली होती: सागिनालीने झालं म्हटलं की झालं.

मग जपानहून वापरून झालेल्या गाड्या यायला लागल्या. आमच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, यांचं उलट्या बाजूला, उजवीकडे. त्याची आम्हाला सवय झाली. आणखी काही उलटं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. उस्तांच्याही नाही.

कानिशाय एजे, म्हणजे कानिशायताई, आमच्या दवाखान्यातल्या नर्स. आठवड्यातून दोनदा आपल्या जपानी गाडीतून दोलोन घाट ओलांडून पलीकडच्या वाड्यांवर जातात, पोरांना लस टोचतात, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघतात आणि अंधार पडल्यावर परत येतात. वसंतात त्यांच्या गाडीचा डावा दिवा गेला होता. उस्तांनी बल्बमागच्या तीन वायरींत सुई घालून पाहिली. एका वायरीवर टेस्ट लॅम्प लागला, दोन मेलेल्या. डिपर, म्हणजे खालचा झोत, लावला तरी मेलेल्या, अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला तरी मेलेल्या. रशियन गाडीत डिपरला एक वायर जिवंत होते आणि अप्परला दुसरी, तिसरी बॉडीला जोडलेली. त्यावरून उस्तांनी निदान केलं की स्टिअरिंगखालची दिव्यांची दांडी आतून जळाली, आज डावा गेला, उद्या उजवाही जाईल. त्यांनी मूळच्या वायरी कापल्या, टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबल्या, बॅटरीपासून दोन्ही दिव्यांना स्वतःची नवी लाईन ओढली आणि डॅशबोर्डला भोक पाडून एक बटण बसवलं. वर केलं की अप्पर, खाली केलं की डिपर. दिवे झकास लागले.

दोन महिन्यांनी ते विझले. उस्तांनी बटण बदललं आणि चिनी बल्बांना शिव्या घातल्या. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी घाट उतरताना परत विझले, आणि या वेळी दोन्ही एकदम. एजेंच्या पुढे कोळशाचा एक ट्रक होता, त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून त्या अकरा किलोमीटर खाली आल्या. ट्रकवाल्याला वाटलं ही बाई आपला पाठलाग करतेय, म्हणून तो आणखी जोरात हाणत होता.

सोमवारी सकाळी त्या गाडी घेऊन आल्या. आरडाओरडा केला असता तर उस्तांना बरं वाटलं असतं. त्या बाहेरच्या खुर्चीवर बसल्या आणि मोठ्या भावाला हाक मारावी तशा म्हणाल्या, "बायके, उद्या मला पलीकडे जायचंय. मी दुसऱ्या कुणाकडे गेले तर बाजार म्हणेल, सागिनालीला जमलं नाही. म्हणून तुमच्याकडेच आलेय. पण तिसऱ्यांदा विझले तर तुमच्याकडे यायला मी नसेन."

उस्तांनी बटण काढलं. ते वितळून गुळाच्या खड्यासारखं झालं होतं. याहून मोठं बटण घालतो, असं ते पुटपुटले. एजेंनी सहज विचारलं, तिकडे जपानात पण सगळे डॅशबोर्डला भोक पाडून बटण लावतात का?

थोड्या वेळाने उस्ता माझ्या दारात येऊन उभे राहिले. "कागदवाल्या, या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळतो का रे तुझ्या त्या इंटरनेटात?"

शोधून काढला. सगळी अक्षरं जपानी. मी म्हटलं, उस्ता, मला यातलं अक्षर वाचता येत नाही. ते म्हणाले, "अक्षरं तू पण सोड, मी पण सोडतो. रेघा मला येतात."

माझ्या टेबलावर वाकून ते बोटाने रेघ धरून चालू लागले. बॅटरी, रिले. मग फ्यूज दोन, डाव्या दिव्याला वेगळा, उजव्याला वेगळा. तिथून सरळ बल्ब. बोट थांबलं. बल्बच्या पुढे दोन रेघा निघत होत्या, त्या दांडीपाशी जात होत्या आणि तिथून बॉडीला. उस्तांनी मला सांगितलं की छापणाऱ्याने उलटं छापलंय. मी दुसरीकडचा नकाशा काढून दिला. तोही तसाच. तिसराही. मी सुचवलं की सगळे जपानी मिळून चुकत असतील. हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते परत गाडीपाशी गेले. कोपऱ्यात कोंबलेल्या वायरी बाहेर काढून टेप सोडली. टेस्ट लॅम्पचा चिमटा सवयीने बॉडीला लावला आणि तसाच धरून उभे राहिले. मग तो काढला आणि बॅटरीच्या प्लसला लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आता वायर बॉडीपर्यंत पोचत असेल तरच बल्ब लागणार होता. सुई एका मेलेल्या वायरीत घातली आणि एजेंना दांडी डिपरवर करायला सांगितलं. बल्ब लागला. सुई दुसरीत घातली. दांडी अप्परवर. बल्ब लागला.

दोन्ही वायरी जिवंत होत्या. दांडीही शाबूत होती. वसंतापासून शाबूत होती.

मला काही कळलेलं नव्हतं, म्हणून उस्तांनी ते पाटाच्या पाण्यावर समजावलं, अगदी हळू आवाजात. पाणी म्हणजे करंट, शेत म्हणजे बल्ब. रशियन गाडीत दारं, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची फळी, शेताच्या तोंडाशी असतं. दारं उघडलं की पाणी शेतात येतं आणि पलीकडून वाहून जातं. या गाडीत पाणी आधीपासून शेतात येऊन उभं असतं. दारं आहे ते खालच्या बांधाला. खालचं उघडलं तरच पाणी वाहतं. डिपरला एक दारं, अप्परला दुसरं. "मी आपला वरच्या बांधावर दारं शोधत बसलो," ते म्हणाले, "आणि सापडलं नाही म्हणून दुसऱ्याच्या शेतात नवा पाट खणला."

तो पाटही अरुंद होता. दोन दिव्यांचा सगळा करंट एका चिमुकल्या बटणातून जात होता, म्हणून ते तापून वितळायचं. कारखान्याने दोन दिव्यांना दोन फ्यूज दिले होते, एक डोळा मिटला तरी दुसरा उघडा राहावा म्हणून. उस्तांच्या जोडणीत दोन्ही डोळे एकदम मिटत.

दुपारी दोनपर्यंत त्यांनी आपली लाईन उपटून मूळच्या वायरी परत जोडल्या. खराब होता तो फक्त डाव्या बल्बमागचा होल्डर, मुठीत मावेल एवढा. एजेंनी दांडी ओढली, सोडली, ओढली. दिवे लागत होते. आता नुसतं "झालं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. डॅशबोर्डचं भोक सोडलं तर पुरावा काही उरला नव्हता, आणि मी झेरॉक्सवाला, मला कोण विचारतं.

उस्ता हात पुसत म्हणाले, "कानिशाय, गाडी कधी बिघडलीच नव्हती. मी बिघडवली. घाटात दिवे गेले ते माझ्यामुळे."

एजेंनी दिवे बंद केले. नंतर म्हणाल्या, "त्या ट्रकवाल्याला शोधून हे सांगा. तो बिचारा गावभर सांगत फिरतोय, घाटात हडळ मागे लागली होती म्हणून." आणि गाडी सुरू केल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "बायके, अशा आणखी किती आहेत?"

उस्तांना आकडा विचार न करता सांगता आला. सात.

त्या संध्याकाळी आझारआपांनी त्यांना सांगून पाहिलं की अहो, सात महिने त्या बाकीच्यांपैकी कुणी तक्रार केली नाही, कशाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, या वयात नाव गेलं तर परत मिळवायला आयुष्य कुठून आणणार. त्यांचं चूक नव्हतं. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तांनी कंटेनर उघडला नाही. ते चालत टॅक्सी स्टँडवर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या हातच्या जपानी गाड्यांची वायरिंग चुकलेली आहे, आणून द्या, मी सरळ करतो.

स्टँडवर दिवसभराची करमणूक झाली. एकाने विचारलं, माझी लग्नाची वरातही तुमच्या हातच्या गाडीतूनच निघाली होती, तो संसारही सरळ कराल का? पण चार जणांनी आठवड्यात गाड्या आणल्या. दोन गाड्या राजधानीत, बिश्केकला, विकल्या गेल्या होत्या. त्यांच्या मालकांचे नंबर मिळवायला उस्तांनी मला तीन दिवस फोनला जुंपलं आणि शेवटी दोघांना शोधून काढलं. एकाने नीट ऐकून घेतलं, दुसऱ्याने आम्हाला ठग समजून फोन ठेवला. उस्तांनी त्याला पुन्हा करायला लावला. तो पुन्हा ठेवला गेला. चौथ्यांदा त्याच्या बायकोने घेतला आणि तिने ऐकलं.

राहिला टॅक्सीवाला मायराम. नारीनपर्यंत सवाऱ्या नेतो, म्हणजे रोज तोच घाट. तो काही केल्या गाडी देईना. माझे दिवे लागतात, म्हणे, आणि ते बटण मला आवडतं, विमान चालवल्यासारखं वाटतं. एक दिवस गाडी बंद म्हणजे एक दिवसाच्या सवाऱ्या गेल्या. उस्ता तीन वेळा सांगायला गेले, तीन वेळा त्याने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

चौथ्या वेळी मी सोबत होतो. मायरामची गाडी भरलेली, चार सवाऱ्या आत, एकीच्या मांडीवर बाळ. मायराम पाचवीसाठी हाका मारत होता. उस्तांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसले, दार लावून घेतलं आणि डोळे मिटले.

मायराम धावत आला. उस्ता, ही काय चेष्टा, सवाऱ्या खोळंबल्यात.

"चेष्टा नाही रे," उस्ता डोळे न उघडता म्हणाले. "तुझे दिवे मी चुकीचे जोडलेत, कधीही विझतील, हे सांगायला चालून चालून दमलोय. आता इथेच बसतो."

मायरामने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्याने सवाऱ्यांकडे बघितलं. मागच्या सीटवरच्या म्हातारीने, सगळं ऐकून झाल्यावर, आपली पिशवी उचलली आणि उतरायला लागली. अशा दिव्यांच्या गाडीत मी बसणार नाही, ती म्हणाली, आणि ज्याला स्वतःची चूक सांगायला लाज वाटत नाही त्याच्यापुढे तू कसला ताठा दाखवतोस. तिच्या मागोमाग बाळवालीही उतरली.

मग मायराम गाडीच्या पुढे गेला आणि त्याने बॉनेट उघडलं. उस्तांना उठवायला आम्हाला दोनदा हाक मारावी लागली. खरंच झोप लागली होती त्यांना.