बांधलेला पाय आणि टांगलेला खडा

समस्त सोलापूरकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, त्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या दोन जीवांना हलायची बंदी झाली होती. एक मी. दुसरा तुरटीचा खडा.

मी चिंचेवरून पडले होते. हाडवैद्याने पायाला बांबूच्या कांबी आवळून बांधल्या आणि बजावलं, "हलली तर पाय वाकडा जुळंल." एवढं बोलून तो स्वतः दोन्ही पायांनी चालत निघून गेला, याचा मला फार राग आला. खोलीला खिडकी एकच, आणि तीही शेजारच्या विणकरांच्या भिंतीवर उघडणारी. गिरणीचा भोंगा झाला की सगळी गल्ली पायांवर उभी राहायची. मी तेवढी आडवी.

माझ्यासोबत अडकलेला तो खडा शाळेचा होता. मास्तरांनी वर्गातल्या प्रत्येकीला स्फटिक वाढवायला सांगितला होता. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवायची, पाणी निवू द्यायचं, तळाशी जमलेल्या कणांतला एक रेखीव कण धाग्याला बांधून त्याच पाण्यात अधांतरी सोडायचा, आणि मग अजिबात हलवायचं नाही. सगळ्यांत नितळ खडा तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला जाणार होता. मला शाळेत जाता येत नव्हतं, पण माझा खडा जाणार होता. तो दाराबाहेर पडला की थोडी मीही सुटले, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

घरात होती नव्हती ती सगळी तुरटी आईने माझ्या पेल्यात घातली. पेला माझ्या उशाशी कोनाड्यात. पलीकडे माग सुरू झाला की पेल्यातलं पाणी थरथरायचं आणि मी श्वास रोखून धरायची. भर दुपारी पाणी तापलं की खड्याच्या कडा विरघळायच्या. मग मी पेल्याभोवती ओलं फडकं गुंडाळायची. दुसरं कामच नव्हतं मला.

एकदा मास्तर बघायला आले. आधी त्यांचं नाक आत आलं, मग टोपी, मग मास्तर. पेल्यावर वाकून म्हणाले, "वा. पोरीनं हिरा केला की. शनिवारी न्यायला येतो."

माझी देखभाल करायला सांगोल्याहून आलेली आत्या उंबऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. मास्तर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "लई टक लावून बघतोय गं ह्यो."

शनिवारी सकाळी हाडवैद्याने पाय दाबून पाहिला आणि कांबी अजून राहू द्या म्हणाला. झालं. पोरीला नजर लागली, हे आत्याने ठरवलं. वारही दृष्ट काढायचाच होता. आई बाजारात गेली होती. आत्याने मिरच्या घेतल्या, मीठ घेतलं, तुरटीचा डबा उघडला. डबा रिकामा. मग तिची नजर कोनाड्याकडे गेली.

"आत्या, त्याला हात लावू नको. ती तुरटी न्हाय," मी शक्य तितक्या शास्त्रीय आवाजात म्हणाले. "तो स्फटिक आहे."

"काय हाय?"

"स्फटिक."

मिरच्या द्यायला आलेली शेजारची तेलुगू विणकरीण दारातच उभी होती. ती हसली. "पटिक? आमच्यात तुरटीलाच पटिक म्हणतात की."

"बघ," आत्या म्हणाली. "ती मागावरची बाई खरं बोलती, अन् तू साळंत जाऊन खोटं बोलतीस."

तिने पेला उचलून शेगडीपाशी नेला. मी हात लांब केला. कांबी तसूभर सरकू देईनात. धागा तुटल्याचा बारीक आवाज मला खाटेवरून ऐकू आला. माझ्याच अंगावरून, डोक्यापासून बांधलेल्या पायापर्यंत, माझा खडा उतरवला गेला. "आल्यागेल्याची, साळंतल्या-बिळंतल्याची," असं पुटपुटत आत्याने तो शेगडीत टाकला. खडा तडतडला, वितळला, फसफसला आणि पांढरा फुगत फुगत वर आला. दोघी शेगडीवर वाकल्या. नजर लावणाऱ्याचं तोंड त्यात उमटतं, अशी त्यांची खात्री होती.

"हे कपाळ," विणकरीण म्हणाली.

"अन् हे नाक," आत्या म्हणाली. "आगं बया. हे नाक आपल्याकडं येऊन गेलंय."

तेवढ्यात ते नाक दारातून पुन्हा आत आलं.

आत्याने पदर सावरला आणि बोट शेगडीकडे केलं. मास्तरांनी रिकामा पेला पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि सगळं ओळखलं. वर्गात ते दृष्ट-बिष्ट सगळं थोतांड म्हणून सांगायचे, तोच आवाज त्यांनी काढला. "हे बघा बाई, तुरटीच्या पोटात पाणी असतं. तापलं की ते उडून जातं आणि तुरटी फुगते. बाकी काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडू नको. हेही शास्त्रच आहे. साहेबांच्या टेबलावर हेच ठेवू, तुझ्या नावानं."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मास्तरांनी चिमट्याने तो पांढरा गोळा अलगद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, जरा फिरवला. आणि त्यांचा दुसरा हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला.

"नाक माझंच हाय की हो हे."