पियानोची रचना लग्नाच्या बँडवर

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमधल्या पियानोचं लाकूड तडकलं. नगरात तो दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. ज्या परदेशी मॅडमनी मला लहानपणापासून त्याच्यावर शिकवलं, त्या कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. एका फ्रेंच संगीतकाराची रचना त्यांना फार आवडायची. पाण्यावर ऊन हलावं तसे तिच्यातले सूर एकमेकांत विरघळत जायचे. ती आता त्यांना ऐकवायची कशावर?

मी तेव्हा शाळेत संगीत शिकवायचो. मनात आलं, ही रचना फुंकून वाजवायच्या वाद्यांवर बसवू. त्या वर्षी लग्नं साधेपणानं उरकत होती, त्यामुळे लग्नाचा बँड रिकामाच होता. बँडमास्तर लष्करातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले; स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. ते हौसेनं तयार झाले. मी प्रत्येक वाद्याचे सूर वेगळे लिहून काढले. पियानोचं पेडल दाबलं की सूर रेंगाळतो. तो रेंगाळणारा सूर मी मास्तरांना दिला. सराव तुकड्यातुकड्यानं व्हायचा, म्हणून तेव्हा काही खटकलं नाही.

निरोपाच्या संध्याकाळी हॉल भरला. सुरुवात छान झाली. मग मास्तरांचा तो सूर आला. त्यांना दम घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, क्लॅरिनेट किंचाळलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बाकीचे गोंधळून थांबले. मागच्या बाकांवर हसू फुटलं. वेळ निभावायला कॉर्नेट हे छोटं पितळी वाद्य वाजवणाऱ्यानं वरातीची चाल धरली, तशा लोकांनी टाळ्यांचा ठेका दिला. माझे कान तापले. मॅडमकडे बघायची हिंमत होईना. मी बाजूच्या दारानं बाहेर पडलो आणि थेट घर गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पोचवायला स्टेशनवरही गेलो नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मास्तरच घरी आले.

"सर, पळाला कशापायी? वरातीत घोडं उधळलं तरी आमी वाजवतोच की."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"मला पाणी आणून दिलं त्यांनी. अन् तुमाला हुडकत हुत्या. स्टेशनावरबी."



पुढे मी तो सूर दोन क्लॅरिनेटांत वाटून दिला; एकानं दम घ्यावा तेव्हा दुसऱ्यानं धरावा. मास्तरांच्या अंगणात बँडनं ती रचना अखेरपर्यंत वाजवली. टँकरच्या रांगेतल्या बायका गप्प होऊन ऐकत राहिल्या. मास्तर खूश झाले. मी मात्र खाली बघत कागद गोळा करत बसलो. ज्यांच्यासाठी हे बसवलं, त्या मॅडम तेव्हा मायदेशी जाणाऱ्या बोटीवर होत्या.