गोवर्धनरावांच्या गोगलगायी

पूर्णाकाठच्या आमच्या गावापासून समुद्र साडेतीनशे मैल, आणि आमच्या ह्यांना शिकायचे होते समुद्रातले जीव! सन छत्तीसची गोष्ट. नागपूरच्या प्रोफेसरांनी परोपरीने समजावलं, वऱ्हाडात बेडूक ढीगभर आहेत, त्यांच्यावर एम.एस्सी. कर. हे ऐकतील तर शपथ! म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे. समुद्रातली गोगलगाय त्यात जगते का, ते मी एकटा शोधतो." मग मुंबईच्या खडकांवरच्या गोगलगायी ओल्या गोणपाटात आणि समुद्राचं पाणी बुधल्यांत, अशी ही वरात रेल्वेने अकोल्याला आणि तिथून बैलबंडीने घरी आली. माझ्या काचेच्या सहा बरण्या गेल्या त्या गेल्याच.

बरण्यांत आधी निव्वळ समुद्राचं पाणी होतं; विहिरीचं पाणी त्याहून फिकं, ते पुढे मोजून थोडं थोडं मिसळायचं होतं. मुंबईला जाताना प्रोफेसर रविवारी आमच्या गावी येऊन पाहणार होते. पसंत पडलं तर काम पुढे चालू, नाही तर ह्यांचं नाव कटलं. मंगळवारी हे काही उपकरण मागून आणायला अमरावतीला गेले. जाताना बजावलं, "बरण्याइले कोनी हात लावाचा नाही."

शनिवारी परतले, आणि जोडेही न काढता बरण्यांपाशी गेले. पाणी वर चढलेलं. पहिल्या दोन बरण्यांतल्या गोगलगायी मरून तळाशी पडलेल्या, वास सुटलेला. ह्यांनी बोट बुडवून चाखलं आणि ओरडले, "गोडं पानी कोनं टाकलं? हात तोडीन त्याचा!"

सासूबाई, मनकर्णाबाई, चुलीपाशी होत्या. "मले काय मालूम?" म्हणाल्या, पण हातातली भाकर तव्याबाहेर पडली. मी समजले. हेही समजले असावेत, कारण आवाज खाली आणून मेलेल्या गोगलगायी वेचायला बसले.

थोड्या वेळाने ह्यांचं लक्ष मागच्या चार बरण्यांकडे गेलं. तिथे गोगलगायी खुशाल काचेवर चढत होत्या. हे ताडकन उठले. पाणी किती फिकं झालं की त्या मरतात आणि किती फिकं झालं तरी जगतात, हेच तर शोधायचं होतं! उत्तर समोर होतं, फक्त माप नव्हतं. कोणत्या बरणीत किती पाणी पडलं?

"माय, किती टाकलं व?"

"म्या टाकलंच नाही."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. उजाडलं की प्रोफेसर येणार, आणि ही बाई काही कबूल होईना! शेवटी मीच ह्यांच्यावर तडकले, "हात तोडाची गोठ तुमीच केली. आता कोन कबूल होईन? गरज तुमाले हाय, तर नमतं घ्या!"

जन्मात पहिल्यांदा ह्यांनी माझं ऐकलं. चुलीपाशी जाऊन मायचे पाय धरले. "मेल्या त्या मेल्या. पन मागच्या चार तुह्या हातानं जगून राहिल्या. माप सांग, नाही तर माहं शिक्षन बुडते."

सासूबाई रडत म्हणाल्या, "रोज सांजच्याले पहिल्या दोनाले एकेक गडू. मंग पानी पुरे ना, म्हनून बाकीच्याइले अर्धा अर्धा. इतक्या दुरून पाव्हने आले, अन् आपल्या घरी त्याइले खारं पाजाचं? लोक थुकतीन ना तोंडावर!"

माझा विश्वास बसेना. गोडं पाणी दोन कोसांवरून बंडीने येई, रोज माणशी मोजून चार गडू. घरात कोणालाच कमी पडलं नव्हतं. मी विचारलं, "मंग एवढं पानी आनलं कुठून?"

"माह्या वाटचं व्हतं."

चार दिवस ती म्हातारी विहिरीचं खारं पाणी पीत होती. ओठ उलले होते, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली. हे हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून गडू मागितला, त्यात किती पाणी मावतं ते तीनदा मोजलं आणि सगळं वहीत उतरवलं.

रविवारी प्रोफेसरांनी वही दोनदा वाचली. "ही चार दिवसांची नोंद कोणाची?"

"माझ्या आईची," हे म्हणाले, आणि सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, आटोपलं! प्रोफेसरांनी वाकून मागच्या चारही बरण्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाले, "काम पुढे चालू ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा येतो."

मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं. आनंद राहिला बाजूला, त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आनखी सा महिने त्या बिचाऱ्याइले खारंच पाजते का व तो?"