गुणाजी धुरी पुस्तक निवडतो

गुणाजी धुरीला हरण्याचा फारसा राग येत नसे. आपण का हरलो ते कळत नाही, याचा मात्र त्याला भयंकर राग येई. वजीर फुकट गेला असता, समोरच्याच्या घोड्याने दोन मोहऱ्यांना एकदम धरलं असतं, तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता आणि तो मोकळा झाला असता. तसं काही होतच नसे. डाव शांत चाललेला असे, दोन्हीकडचे मोहरे सारखे असत, कुणी कुणाला काही केलेलं नसे. आणि तरीही याचे हत्ती हळूहळू कोपऱ्यात गुदमरत, उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे अडकून पडे, आणि तासाभराने समोरचा माणूस आरामात खुर्चीला टेकून याच्या शरण येण्याची वाट बघत असे. "माझं चुकलं कुठे?" असं विचारलं तर तो खांदे उडवी. बहुतेकदा जिंकणाऱ्यालाही ते ठाऊक नसे.

एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. घाटकोपरच्या पंतनगरात नवोदय मंडळाचा हॉल होता आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिथे बुद्धिबळाचा गट बसे. गुणाजी मुलुंडच्या एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळत असे. तिथे दिवसभर त्याच्या नावाने हाका चालत. घरी दोन खोल्यांत बायको सुगंधा, दोन मुली आणि शेजाऱ्यांचा रेडिओ. स्वतःच्या मनाने काही ठरवावं आणि ते करून बघावं, अशी जागा त्याला आयुष्यात एकच मिळाली होती, ती म्हणजे त्या हॉलमधली पटासमोरची खुर्ची. चाळिशी उलटलेल्या माणसाने असं म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तो म्हणत नसे, एवढंच.

आणि तीच खुर्ची जायची वेळ आली होती. मंडळाचे चिटणीस दत्ताराम गावडे एका संध्याकाळी हॉलमध्ये येऊन उभे राहिले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"उपनगरांच्या सांघिक स्पर्धेत तुम्ही दरवर्षी तळाला. कॅरमवाल्यांना खेळायला जागा नाही, ते माझं डोकं खातात. या वर्षी वरच्या गटात गेलात तर हॉल तुमचा. नाहीतर दोन्ही संध्याकाळी कॅरमला देणार मी."

मग ते जरा नरमले. "कपाटासाठी मंडळाच्या नावावर एक चांगलं पुस्तक घ्या. एकच हां. कुठलं ते तुम्ही ठरवा."

पुस्तकं तशी गटात होतीच. पण ज्याचं पुस्तक त्याने वर्तमानपत्राचं कव्हर घालून पिशवीत दडवलेलं. नाव विचारलं तर "असंच आहे, जुनं" असं उत्तर मिळे. एका गटातली माणसं खरी, पण मंगळवारी एकमेकांनाच हरवायचं असे ना. त्यामुळे सगळ्यांचं मिळून पुस्तक ही मोठीच गोष्ट होती आणि ते निवडायचं काम गुणाजीच्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे त्यानेच ते ओढून घेतलं.

पहिलं भांडण चंद्रप्रकाश सामंताशी झालं. चंद्रप्रकाश पहिल्या पटावर खेळे, एका शाळेत शिकवी, आणि सापळे लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"सुरुवातीच्या सापळ्यांचं घे," तो म्हणाला. "दहा खेळ्यांत समोरच्याची वाट लावायची. झकास काम."

"आणि तो सापळ्यात आला नाही तर?"

"येतोच रे."

"मुलुंडवाले आले होते?"

मुलुंडवाल्यांनी मागच्या वर्षी चारही पट धुऊन नेले होते, आणि तेही काहीही न करता. गुणाजीच्या मते दुखणं तिथेच होतं. आपल्या लोकांना मारामारी येते. मारामारी नसेल तेव्हा काय करायचं ते येत नाही. मग हात रिकामा राहू नये म्हणून कुणी एखादं प्यादं पुढे ढकलतो, आणि प्यादं एकदा पुढे गेलं की मागे घेता येत नाही.

रविवारी तो फोर्टात गेला. फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांपुढे उकिडवा बसला आणि तासाभरात त्याचं डोकं उठलं. एक जाडजूड पुस्तक मिळालं, मोठमोठ्या खेळाडूंच्या डावांचं. त्यात दर पानावर 'आता पांढऱ्याची बाजू उघडच वरचढ आहे' असं लिहिलेलं. उघड कुणाला? उघड असतं तर गुणाजी तिथे कशाला तडमडला असता? दुसऱ्यात खेळ्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या. पांढऱ्याने आपल्या बाजूने घरं मोजायची, काळ्याने आपल्या बाजूने, त्यामुळे एकाच घराला दोन नावं. वाचणाऱ्याचा अर्धा जीव घर शोधण्यातच जायचा. तिसरं रशियन होतं. छपाई सुंदर, आकृत्या ठसठशीत आणि अक्षर एक कळेल तर शपथ. चौथ्यात कमजोर घर म्हणजे काय यावर पन्नासेक पानं होती, पण उदाहरणातला प्रत्येक जण उत्तम बचाव करत होता. घाटकोपरात असा बचाव कोण करतो? या लेखकांनी आयुष्यात कधी साधा माणूस समोर बसवला होता की नाही, असा गुणाजीला प्रश्न पडला.

शेवटी त्याने आपली एक कसोटी काढली. पुस्तक कुठेही उघडायचं, आकृती बघायची आणि खालचा मजकूर तळहाताने झाकायचा. मी काय खेळलो असतो ते मनात ठरवायचं आणि मग हात काढायचा. आपली खेळी का वाईट हे पुस्तकाने सांगितलं तर ते पुस्तक आपलं. नुसती बरोबर खेळी सांगून गप्प बसलं तर परत ढिगात.

"साहेब, लेना है कि इधरही पढ़ना है?" विक्रेत्याने विचारलं.

गुणाजीने मान वर केली नाही. असे तीन रविवार गेले. सुगंधा म्हणाली, "मुलीसाठी स्थळ बघायला तरी एवढं फिराल की नाही, देव जाणे." तो चिडला, पण तिचं चुकत नव्हतं हेही त्याला कळत होतं.

चौथ्या खेपेला एक बारकं, पाठ निघालेलं पुस्तक हाती लागलं. त्यात एक कसलेला खेळाडू साध्यासुध्या माणसांशी खेळत होता. साधी माणसं घाबरत होती, उगीच प्यादी ढकलत होती, चांगला उंट देऊन वाईट उंट ठेवत होती, आणि प्रत्येक खेळीखाली लिहिलं होतं की हा असं का खेळला असेल आणि त्याने काय बिघडलं. गुणाजीने आकृतीखालचा मजकूर झाकला, मनात खेळी ठरवली, हात काढला आणि त्याचे कान गरम झाले. पुस्तकात त्याचीच खेळी होती. त्याच क्षणी ते पुस्तक घ्यायचं ठरलं.

गटात त्याचं स्वागत काय व्हायचं तेच झालं. "यात सापळे कुठे आहेत?" चंद्रप्रकाशने पानं फडफडवत विचारलं. एक जण ते घरी घेऊन गेला आणि पान न उलटता परत घेऊन आला. कुणाला इंग्रजी जड गेलं, कुणाला वेळ नव्हता. गुणाजीचा संताप संताप झाला. एवढी वणवण करून आणलं आणि यांना ते उघडायलाही नको. मग तोच दर मंगळवारी पट मांडून उभा राहू लागला आणि मराठीतून सांगू लागला.

"हे घर बघा. इथे यांचं प्यादं आता कधीच पोचणार नाही. इथे आपला घोडा नेऊन बसवला की झालं. हा जुना भाडेकरू समजा. मालक कितीही ओरडला तरी निघत नाही."

यावर मात्र सगळे हसले. मालकाशी न भांडणारा भाडेकरू त्या हॉलमध्ये एकही नव्हता. त्या दिवसापासून "भाडेकरू बसला का रे?" अशी विचारणा होऊ लागली आणि हळूहळू माणसं घोड्याला घर शोधू लागली. चंद्रप्रकाशसुद्धा एकदा सापळा सोडून नुसता उंट चांगल्या घरात आणून थांबला. गुणाजीला तेव्हा बरं वाटलं होतं, नाही असं नाही.

स्पर्धेत गट खरंच वर सरकला. शेवटची लढत मुलुंडशी. तीन पट आटोपले तेव्हा हिशोब सरळ होता, गुणाजी जिंकला तर वरचा गट आणि हॉल. बरोबरीचा उपयोग नव्हता.

त्याच्यासमोर बळवंत पारकर होता, मुलुंडचा जुना, थंड डोक्याचा खेळाडू. आणि त्या दिवशी गुणाजी असा खेळला, की इतक्या वर्षांत कधी खेळला नव्हता. घाई नाही, मारामारी नाही. घोडा पटाच्या मधोमध जाऊन बसला तो बसलाच. पारकरचे हत्ती कोपऱ्यात गुदमरले, उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकला. त्याचं एक प्यादं गेलं, मग दुसरं, मग दोन्हीकडचे मोहरे भराभर मारले गेले. शेवटी गुणाजीकडे राजा आणि हत्ती उरला, पारकरकडे राजा आणि एकच प्यादं. प्यादं बरंच पुढे आलेलं, पण उघडं, हत्तीच्या तोंडात. मारलं की डाव खिशात. घड्याळात मात्र वेळ जवळजवळ संपत आलेला, आणि गटातली सगळी माणसं खुर्च्यांमागे उभी.

गुणाजीचा हात हत्तीकडे गेला, प्याद्याच्या दिशेने वळला आणि थांबला. त्याने ते प्यादं मारलं नाही. बाजूने शह दिला. पारकरचा राजा शहातून निघाला तो नेमका प्याद्याला येऊन चिकटला. आता प्यादं मारता येईना. ते पुढे सरकलं, आणखी सरकलं, आणि वजीर होऊ नये म्हणून गुणाजीला त्याच्यापायी हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे उरले. डाव बरोबरीत सुटला.

"अरे, प्यादं फुकट होतं," चंद्रप्रकाश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "फुकट होतं रे. मारलं का नाहीस?"

गुणाजीच्या मालवणजवळच्या गावी जुन्या देशी पद्धतीने खेळत. समोरच्याचा शेवटचा मोहरा मारून राजा एकटा पाडला की ती बुर्जी, डाव बरोबरीत. जिंकायचं तर समोरच्याचं काहीतरी शिल्लक ठेवून मात करायची. वडिलांनी, धाकू धुरींनी, ओसरीवर त्याला असंच शिकवलं होतं. हात पुढे गेला की ते मनगट धरत. "शेवटचा मारू नको रे, बुर्जी होतली." नवे नियम शिकून त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. डोक्याला ते पक्के पाठ होते. हाताला नव्हते.

"बुर्जी झाली असती," तो शेवटी म्हणाला.

कुणीही हसलं नाही. त्यातले निम्मे कोकणातलेच होते.

मोहरे डब्यात भरता भरता पारकर हलक्या आवाजात म्हणाला, "धुरी, ते प्यादं मला वाचवता येत नव्हतं असं नाही. मी उघडं सोडलं. तुम्ही मघाशी प्रत्येक मोहरा मारण्याआधी माझे किती उरले ते मोजत होतात ना, तेव्हाच वाटलं, हा आमच्याकडचा. माझाही हात तिथे अडतो. कितीदा हरलोय मी असा."

गुणाजीला त्याचा गळा धरावासा वाटला. त्याच वेळी त्याच्याइतका आपल्याला ओळखणारा माणूस उभ्या मुंबईत दुसरा नाही हेही कळलं, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला.

गावडे शब्दाचे पक्के निघाले. पुढच्या महिन्यात हॉलमध्ये कॅरम बोर्ड लागले. गटाचं कपाट रिकामं करायचं म्हणून त्यांनी ते पुस्तक गुणाजीला देऊन टाकलं. "तुम्हीच आणलं होतंत. ठेवा तुमच्याकडे." गट फुटला. कुणी खेळ सोडला, कुणी विक्रोळीला कुणाच्या गच्चीवर जाऊ लागला.

एका रविवारी चंद्रप्रकाश घरी आला. चहा झाला तरी त्याचं बोलणं मुद्द्यावर येईना. मग म्हणाला, "मी मुलुंडच्या क्लबात नाव घातलंय. पारकर विचारत होता, धुरी कुठलं पुस्तक वाचतात. तू पण चल ना यार. हॉल मोठा आहे त्यांचा."

"नको."

"का रे?"

"त्याच्यासमोर बसून काय खेळू? त्याला माझा हात ठाऊक आहे."

तो आत गेला, पुस्तक आणून चंद्रप्रकाशच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "यात सगळं आहे. शेवटचं प्यादं मारायचं असतं, तेवढं नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं."

चंद्रप्रकाश गेल्यावर सुगंधा बाहेर आली. "एवढे रविवार घालवून आणलंत ते, आणि देऊन टाकलंत?"

"ठेवून काय करू?" गुणाजी म्हणाला. "समोर बसायला कोण आहे?"

तिने कपबशा उचलल्या. संध्याकाळ झाली होती, आणि मंगळवार नसला तरी तो चपला घालून खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि कुठे जायचं ते न सुचून परत वर आला.