हशाच्या खुणा

ऑपरेटरकाका सिनेमा दाखवायचे, पण बघायचे नाहीत. पस्तीस वर्षं त्यांचं लक्ष खाली बसलेल्यांच्या हसण्यावर. हशा पिकला की पुढचं वाक्य त्यात बुडतं. ते बुडू नये म्हणून काका नेमक्या क्षणी आवाजाचं बटण जरासं चढवायचे, हशा ओसरला की उतरवायचे. मशीनच्या खोलीतल्या भिंतीवर सगळं पेन्सिलीने लिहिलेलं होतं: सिनेमा, मिनिट, आणि पुढे 'बारीक' किंवा 'मोठा'. एवढे विनोद पचवलेला हा माणूस स्वतः हसताना मात्र कुणाला दिसला नव्हता.

आता उजवा कान कामातून गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

जुन्या मालकांच्या मुलीने थिएटर हाती घेतलं आणि विनोदी सिनेमांचा आठवडा लावला. "चाललं तर दर रविवारी लावू," ती म्हणाली. "मग तुम्ही लागालच, काका. नाही चाललं तर मग घरी आराम."

घरी बसून काय करायचं, हे काकांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"आणि ऐकू नाही आलं तर?" काकू डाव्या कानाशी ओरडल्या.

"भिंत आहे की."

"भिंत काय हसणार आहे?"

पहिल्या दिवशी मूकपट होता. नुसती पडापड आणि संगीत, बटणाला हात लावायचं कामच नाही. दुसऱ्या दिवशी भाडेकरू आणि घरमालकिणीच्या भांडणाचा, काळा-पांढरा. पिकल्या केसांची माणसं आली आणि ठरल्या जागी हसली. भिंत खरी ठरली.

तिसऱ्या दिवशी रंगीत. तीस वर्षांपूर्वी याला लोक खुर्च्या बडवत. आज दुपारच्या खेळाला कॉलेजातली पोरं होती. बाराव्या मिनिटाला तोतरा नोकर बोलू लागला. 'मोठा'. काकांनी बटण चढवलं. सतराव्याला जाड बायकोखाली खुर्ची मोडली. 'मोठा'. परत चढवलं. पाय भरून आले होते, पण स्टुलावर बसलं की भिंत नीट दिसत नसे.

खाली कुणीच हसत नव्हतं. गप्प बसलेल्या माणसांवर सिनेमा मधूनच खेकसत होता.

थिएटरची नवी मालकीण वर आली. "काका, आवाज कशाला वाढवताय?" ते वळले नाहीत. तिने परत विचारलं. मग खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते दचकले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ भिंतीकडे.

"कोणी हसत नाहीये हो," ती समोर येऊन म्हणाली.

"इथे हसायचे."

"बटण राहू द्या एका जागी. हलवू नका."

"मग मी कशाला?"

"शनिवारपर्यंतच या," ती हळूच म्हणाली. त्यांना ते ओठांवरून कळलं.

ती गेल्यावर काका मोकळ्या हातांनी खिडकीशी उभे राहिले. पडद्यावर सगळ्यांशी भांडलेला बाप एकटाच जेवत होता आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे मीठ मागत होता. या जागेची भिंतीवर खूण नव्हती. खाली मात्र रांगाच्या रांगा हसून गदगदत होत्या. काकांचा हात बटणाकडे गेला. मग मागे आला.

घरी काकूंनी कानाशी येऊन विचारलं, "हसले का लोक?"

"हसले."

"कुठे?"

काका चपला काढता काढता खालीच बसले.

"लिहून नाही ठेवलं," ते म्हणाले.